आतल्या खोलीतला वास

आमच्या घरात मराठीचा खरा उपयोग दुकानात व्हायचा. घरी आई आणि मी तशा कमीच बोलायचो. ती ऑफिसातून दमून यायची, मी अभ्यास किंवा अभ्यासाचं सोंग करत बसलेली असायचे. पण जवाहर चौकात साडीच्या दुकानात गादीवर बसलो की आई माझ्याकडे वळायची आणि दुकानदारासाठी चेहऱ्यावर आणलेलं हसू जराही न हलवता म्हणायची, "लुटतोय हा. दोन मिनिटं बघ आणि उठ." मीही हसत, जणू रंगाचं कौतुक करतेय अशा सुरात म्हणायचे, "काठ विटलाय. उजेडात धर म्हणावं." दुकानदार म्हणायचा, "देखिए, बिटिया को भी पसंद आ गई." मग आम्ही दोघी खरोखरच हसायचो.

भोपाळमध्ये मराठी कळणारी माणसं नाहीत असं नाही. टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरांमध्ये आमच्यासारखी कितीतरी घरं होती, नागपूर-अमरावतीकडून नोकरीबरोबर आलेली. पण आईला ठाम खात्री होती की आपली माणसं तिला लांबून ओळखू येतात. मंगळसूत्राच्या वाट्या, दारावरचं आडनाव, बाईची पदर घ्यायची तऱ्हा, असं काहीतरी बघून ती क्षणात ठरवायची आणि मग बिनधास्त बोलायची. इतक्या वर्षांत ती एकदाही चुकली नाही असं आम्ही धरून चाललो होतो. आता वाटतं, चुकली असेल पुष्कळदा. लोकांनी फक्त तोंडावर दाखवलं नसेल.

मी इंग्रजी शाळेत शिकले. तिसरीत असताना आईने शाळेच्या फाटकातून "डबा विसरलीस गं!" अशी हाक मारली आणि वर्गातल्या मुली आठवडाभर "गं, गं" करत माझ्यामागे फिरल्या. मी घरी येऊन आईला सांगितलं की शाळेजवळ हिंदीत बोलत जा. ती एक शब्द न बोलता तसं करायला लागली. मग मराठी उरली ती जिथे कुणाला कळत नाही तिथे बोलायला.

मी बोलकी नाही. ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझ्याकडे कुणी वळलं तरी माझे कान गरम होतात. इंग्रजीत साधी मेल पाठवायची तर मी ती तीनदा वाचते. मराठीत मात्र मला काही तपासावं लागायचं नाही, कारण ऐकणारी फक्त आई. त्यामुळे आमच्या दोघींत तिखट जिभेची मी होते. आई वस्तूंबद्दल बोलायची, मी माणसांबद्दल. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते आईच्या सवयीमुळे झालं असं वाचणाऱ्याला वाटू शकेल. सवय तिची होती, वाक्यं माझी होती.

बाबा मी नववीत असताना गेले. त्यांच्या जागी आईला कारकुनाची नोकरी मिळाली आणि क्वार्टर टिकलं. गेल्या वर्षी तिची निवृत्ती जवळ आली. तोवर आमच्या मागच्या क्वार्टरांच्या दोन ओळी पाडून झाल्या होत्या. पत्र्याच्या कुंपणापलीकडे सकाळपासून बुलडोझर चालायचा आणि आमच्या मांडणीतली भांडी बारीक वाजत राहायची. क्वार्टर सोडायचं पत्र आलं तेव्हा आईने ते लग्नपत्रिका ठेवतात तसं देवापाशी ठेवलं. सहा महिन्यांची मुदत होती. नागपूरचं घर कधीच बाबांच्या भावाकडे गेलं होतं. म्हणजे सहा महिन्यांनी आम्हाला जायला जागा नव्हती. घर घ्यायचं तर माझ्या पगारावर, माझ्या नावाच्या कर्जाने.

आमच्या ऐपतीतली घरं शहराबाहेर, लांबच्या कॉलन्यांत होती. आई दोनतीन ठिकाणी आली, गच्चीवरून आजूबाजूची शेतं बघितली आणि परतताना बसमध्ये म्हणाली, "इथे मेले तर भाजीवालीला पण कळणार नाही." तिला चालत जाता येईल असं देऊळ, तिचा डॉक्टर आणि तिची भाजीवाली पाहिजे होती. मग ब्रोकरने जवाहर चौकामागच्या गल्लीतलं घर काढलं.

ही गल्ली मला लहानपणापासून माहीत होती, ती अशी की आईने मला तिच्यातून जायला मनाई केली होती. तेव्हा तिथे टायरवाले, वेल्डिंगची दुकानं, भंगाराचे ढीग आणि कोपऱ्यावर देशी दारूचं दुकान होतं. भिंतीपाशी पुरुष रांगेत उभे असायचे आणि उघडी गटार तिथूनच वाहायची. आता गटार झाकली आहे. दारूचं दुकान हललं आणि त्याच्या जागी पिवळे दिवे टांगलेलं कॉफीचं दुकान आलं. त्या भिंतीवर कुणीतरी मोठे निळे पक्षी रंगवले आहेत. टायरवाला अजून आहे. भंगारवाला पण आहे. ऑफिसातली एक मुलगी पत्ता ऐकून "वहाँ?" म्हणाली, आणि दुसरी म्हणाली, "अरे, अभी ले ले, बाद में हाथ नहीं आएगा." माझ्या मनात दोन्ही होतं.

इमारत जुनी, चार मजली, लिफ्ट नाही. घर दुसऱ्या मजल्यावर. जिना चढताना ब्रोकर सांगत होता, "बैतूल तरफ़ के लोग हैं मैडम, बहुत सीधे. अंकल की तबीयत ठीक नहीं, नीचे उतर नहीं पाते. इसलिए बेच रहे हैं."

दार साठीच्या एका बाईंनी उघडलं. सुती साडी, डोक्यावरून पदर, कपाळावर टिकली, गळ्यात साधी चेन. आईने एक नजर टाकली आणि 'आपल्यातली नव्हे' असा तिचा निकाल झाला, हे मला तिच्या खांद्यांवरून कळलं. ते सैल झाले.

"आइए, आइए," बाई म्हणाल्या. "चप्पल पहने रहिए, फ़र्श अभी पोंछा है."

पुढची खोली मोठी होती. शिलाई मशीन, त्यावर निळ्या कापडाचा गठ्ठा. स्वयंपाकघर लहान पण उजेडाचं. मग आतली खोली. लोखंडी पलंगावर भिंतीकडे तोंड करून एक म्हातारे गृहस्थ झोपले होते. खिडकी बंद होती. औषधांचा, फिनाईलचा आणि त्या दोन्हींनी न झाकलेला वास नाकात शिरला. मी उंबऱ्यावरच थांबले. चेहऱ्यावर हसू होतं. खोली आवडली असं दाखवायला मी मान हलवत होते. आणि त्या मान हलवण्याच्या तालात मी आईला म्हणाले, "म्हातारा गेल्यावरसुद्धा इथला वास जायचा नाही."

"असं बोलू नये," आई म्हणाली. कुणी ऐकेल म्हणून नव्हे, मुलीने असं बोलू नये म्हणून. मग तीही खोलीकडे कौतुकाने बघत म्हणाली, "भिंती खरवडून घेऊ. बाकी उजेड चांगलाय."

"आणि भावाचं तू काही बोलू नकोस," मी म्हणाले. "यांना जिना उतरता येत नाही, घाई यांना आहे. आपण गप्प बसलो की आपोआप खाली येतील."

बाई तेव्हा स्वयंपाकघरात पाण्याचा नळ सोडून दाखवत होत्या. "पानी दोनों टाइम आता है," त्या म्हणाल्या. नळ त्यांनी बराच वेळ सुरू ठेवला. मला तेव्हा वाटलं, पाण्याचा जोर दाखवतायत.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा डिसेंबर लागला होता. ब्रोकर आधीच येऊन बसला होता. ठरल्याप्रमाणे आई आणि मी गप्प बसलो. ब्रोकर एकदा बाईंकडे, एकदा आमच्याकडे बघत होता. बाईंनी चहा आणला, कप माझ्या हातात दिला आणि तो देताना माझ्याकडे नीट बघितलं. मग आम्ही तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "जितना सोचकर आई हैं, बता दीजिए. उतने में दे देंगे."

आईने आकडा सांगितला. त्यांनी मान हलवली. ब्रोकरलाच धक्का बसला. "आंटीजी, एक बार अंकल से पूछ लीजिए," तो म्हणाला. "उन्होंने ही कहा है," बाई म्हणाल्या.

परतताना आईने चौकात गरम कचोऱ्या घेतल्या. "तू म्हणालीस तसंच झालं हो," ती म्हणाली, आणि मला, ऑफिसात कधी वाटत नाही तसं, आपण हुशार आहोत असं वाटलं. त्या दिवशी मी आणखी एक गोष्ट बघितली होती, पण तिचा अर्थ लावला नव्हता. आतल्या खोलीची खिडकी सताड उघडी होती. थंडी अशी की मी स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढल्या होत्या. पलंगावरच्या माणसाच्या अंगावर दोन ब्लँकेटं होती आणि डोक्याला मफलर गुंडाळलेला होता.

आगाऊ रकमेचा बयाना देऊन झाला. बँकेला घराच्या जुन्या कराची पावती हवी होती, म्हणून शनिवारी मी एकटी गेले. दार उघडंच होतं. बाईंनी मला पुढच्या खोलीत बसवलं आणि पावती शोधायला कपाटापाशी गेल्या. तेवढ्यात आतून आवाज आला. हळू, जड जिभेचा, एकेक शब्द उचलून ठेवावा तसा.

"कोन आलं वं?"

"घर घेनारी पोरगी," बाई कपाटातूनच म्हणाल्या.

"मंग खिडकी उघड ना. तिले वास येते."

"उघडीच हाये."

माझे नागपूरचे आजोबा असंच बोलायचे. 'मला' नाही, 'मले'. 'आहे' नाही, 'हाये'. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली होती, आणि भोपाळमध्ये, टायरवाल्याच्या वर दुसऱ्या मजल्यावर, तोच आवाज मला वास येतो म्हणून खिडकी उघडायला सांगत होता. त्यात राग नव्हता. टोमणाही नव्हता. पाहुणी आली की पंखा लाव म्हणतात, तेवढंच ते होतं. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

बाई पावती घेऊन आल्या. "ये लीजिए," माझ्याशी त्या हिंदीतच बोलल्या. "फ़ोटो खींच लो, काग़ज़ हम रजिस्ट्री के दिन देंगे." पहिले दोन फोटो धूसर आले. त्यांनी कागद दोन्ही हातांनी टेबलावर दाबून धरला, तेव्हा तिसरा नीट आला. मी चहाला नाही म्हणू शकले नाही. तो चहा मी पूर्ण प्याले, "थैंक यू आंटी" म्हटलं आणि खाली उतरले.

खाली आल्यावर मला ती नागपूरची गाडी आठवली. दर सुट्टीत आम्ही तिने जायचो. इटारसीपर्यंत डबाभर हिंदी, मग बैतूल, आमला, मुलताई, आणि पांढुर्णा येईतो शेंगा विकणाराही मराठीत ओरडायला लागलेला असायचा. कुठल्या स्टेशनला भाषा बदलते हे शोधायचा माझा खेळ होता. ती कधीच एका स्टेशनला बदलायची नाही. इतक्या वेळा ऐकून, "बैतूल तरफ़ के लोग" हे ऐकल्यावर मला काहीच सुचलं नाही. टिकली आणि साधी चेन बघून आईने ठरवलं, आणि मला ते सोयीचं होतं.

तेव्हाच वर परत जायला हवं होतं. टायरवाल्याच्या दुकानापासून जिन्यापर्यंत वीस पावलं होती. मी मनात वाक्य जुळवायला लागले. आधी इंग्रजीत आलं, ते अगदी व्यवस्थित होतं. मग हिंदीत. आणि मग मनात आलं: आत्ता मी कबूल केलं आणि त्यांना राग आला तर? बयाना परत करून त्यांनी नाही म्हटलं तर? मुदतीचे अडीच महिने उरले होते. माफी रजिस्ट्रीनंतर मागू, असं मी ठरवलं. हे मी अगदी शांत डोक्याने ठरवलं, जसं पहिल्या दिवशी गप्प बसायचं ठरवलं होतं तसंच. आईला सांगितलं नाही, कारण तिला सहन होणार नाही, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तिला कळलं असतं तर ती त्याच पावली चप्पल घालून माफी मागायला निघाली असती, आणि मला तेच नको होतं.

रजिस्ट्रीच्या दिवशी समजलं की घर पलंगावरच्या त्या काकांच्या नावावर आहे आणि त्यांना स्वतः यावं लागणार. त्यांचा जावई आणि टायरवाला, दोघांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून जिन्याने खाली आणलं. आम्ही खाली रिक्षापाशी उभ्या होतो. प्रत्येक वळणावर खुर्ची तिरकी व्हायची आणि ते डाव्या हाताने कठडा धरू बघायचे. उजवा हात मांडीवर तसाच पडलेला होता. धुतलेला सदरा, विंचरलेले केस, कपाळावर गंध. कुणीतरी सकाळी त्यांना तयार केलं होतं.

"अगं बाई," आई माझ्या कानाशी, पण नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "सही होईपर्यंत टिकू देत बिचारे."

"आई, गप्प बस."

"त्यांना कुठे कळतंय?"

खुर्ची आमच्यापासून चार हातांवर होती. बाई त्यांच्या सदऱ्याची कॉलर नीट करत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.

रजिस्ट्रीच्या ऑफिसात गर्दी होती. आमचा नंबर आला. फोटो निघाले, अंगठे झाले. मग टेबलापलीकडच्या अधिकाऱ्याने काकांकडे बघून नियमाचा प्रश्न विचारला, "बाबूजी, मकान अपनी मर्ज़ी से बेच रहे हैं? कोई दबाव तो नहीं?"

अधिकाऱ्याने प्रश्न पुन्हा, मोठ्याने विचारला. काकांनी मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. आधी ते भिंतीकडे तोंड करून झोपलेले असायचे, त्यामुळे त्यांचे डोळे मी पहिल्यांदाच बघत होते. फिकट तपकिरी, पाणी भरलेले. मला कळलं की आता त्यांनी नुसती मान हलवून नाही म्हटलं तर सगळं संपेल, आणि तसं म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. मी नजर खाली केली. बुटांकडे बघत राहिले. मनात एकच होतं, हो म्हणा, हो म्हणा. त्या क्षणीही मला घरच हवं होतं.

"हाँ," ते म्हणाले.

जिन्यावरून आणायला, खुर्ची उचलायला जितका वेळ लागला होता, त्याहून जास्त वेळ त्या एका शब्दाला लागला असं मला वाटलं. खरं तर पाचसहा सेकंदच गेले असतील. बाहेर आल्यावर आईने पेढे वाटले. काकांना एक त्यांच्या पत्नीने बारीक करून भरवला. मी माफी मागायला पुढे झाले, पण जावई रिक्षा घेऊन आला आणि त्यांना चढवायची धावपळ सुरू झाली. मी तेवढ्याशा सबबीवर मागे सरले.

ते सगळे भोपाळच्याच दुसऱ्या टोकाला, बरखेड्याला गेले. त्यांच्या मुलीला तिकडे कारखान्याचं तळमजल्याचं क्वार्टर होतं. किल्ली त्यांनी जावयाच्या हाती पाठवली.

आतली खोली मी घेतली. आईला वाटलं मी तिला पुढची मोठी खोली देतेय, आणि ती शेजारणींना माझं कौतुक सांगायची. भिंती खरवडल्या, चुना, मग रंग. फरशी तीनदा धुतली. आठ दिवसांत वास पार गेला. मी तरीही कामावरून आले की उंबऱ्यावर थांबून श्वास घ्यायचे. रंगाचा वास यायचा, मग तोही गेला.

महिन्याभराने वरच्या मजल्यावरची बाई भेटायला आली. हातात वाटीभर हलवा, ओठांना गडद लिपस्टिक. ती बसते न बसते तोच आई माझ्याकडे वळून गोड हसली. "आली बघ चौकशी करायला. हिची लिपस्टिक दातांना पण लागलीये."

"आप बैठिए, मैं पानी लाती हूँ," मी त्या बाईला म्हणाले. आणि आईला, सगळ्यांना कळेल अशा हिंदीत, "माँ, हलवा रख लीजिए अंदर."

आईचं हसू तसंच राहिलं, तिने वाटी आत नेली. ती बाई गेल्यावर तिने वाटी धुतली, पुसली, पालथी ठेवली. मग म्हणाली, "माँ? मी कधीपासून माँ झाले?"

मी त्या बाईचा पाण्याचा पेला उचलून आत ठेवला.

"तिसरीत होतीस तेव्हा म्हटलं, लहान आहे. आता स्वतःचं घर झालं, नोकरी झाली, आता पण लाजतेस? इतकी लाज वाटते आपल्या भाषेची?"

मला सांगता आलं असतं. लाज भाषेची नाही, हे एवढं एक वाक्य. पण त्याच्यामागे बाकीचं सगळं सांगावं लागलं असतं, रजिस्ट्रीच्या दिवशीचं तिचं वाक्यसुद्धा. तिने जे समजायचं ते समजून घेतलं. दोन दिवस ती माझ्याशी हिंदीत बोलली. "खाना लगा दिया है." एवढंच.

त्याच आठवड्यात काकांच्या नावाचं पेन्शनचं पाकीट आमच्या पत्त्यावर आलं. फोन केला असता तर जावई येऊन घेऊन गेला असता. मी रविवारी सकाळी स्वतः निघाले. जाताना बसमध्ये मी हिंदीतलं वाक्य पाठ केलं आणि बरखेड्याला उतरेपर्यंत ते खोडून टाकलं. हिंदीत माफी मागितली असती तर त्या मला हिंदीतच उत्तर देऊन चहा पाजून परत पाठवणार, हे मला दिसत होतं.

क्वार्टरपुढे लहानसं अंगण होतं. काका खुर्चीत उन्हाला बसले होते, अंगावर तेच ब्लँकेट. बाई पायरीवर मेथी निवडत होत्या. मी फाटकापाशी उभी राहिले. बाहेरच्या माणसाशी मी याआधी मराठीत कधी बोलले होते, मला आठवेना.

"काका, आत येऊ का?"

बाईंचे हात थांबले. मग त्यांनी एक काडी मोडून बाजूला टाकली. "ये," त्या म्हणाल्या, आणि पायरीवरची मेथी सरकवून जागा केली. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही.

मी पाकीट दिलं. बसले. "काकू, त्या दिवशी मी जे बोलले..." आणि पुढचं वाक्य आलंच नाही. मराठीत मी कुणाची कधी माफी मागितली नव्हती. आईचीसुद्धा नाही. 'मला माफ करा' हे टीव्हीवरच्या मालिकेतल्यासारखं वाटत होतं. शेवटी म्हणाले, "फार वाईट बोलले मी. आणि मग तुम्हाला कळतं हे कळल्यावर पण गप्प बसले. घर हातचं जाईल म्हणून."

"मालूम हाये," काकू म्हणाल्या. "पावती न्याले आली, कप धरून बसली होतीस, तवाच दिसलं."

"तुम्ही का नाही बोललात?"

"काय बोलाचं? घाई होती तर होती. खोटं थोडीच बोलली तू." त्या पुन्हा पानं खुडायला लागल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पर एक सांगते. त्या दिवशी ह्यायनं दुपारचं जेवन नाही घेतलं."

मी मेथीची एक जुडी ओढून घेतली आणि निवडायला लागले. बऱ्याच वेळाने काकांनी खुर्चीच्या हातावर बोटं वाजवली. मी वर बघितलं.

"गेला का वास?" त्यांनी विचारलं.

"नव्हताच काका," मी घाईघाईने म्हणाले. "वास नव्हताच काही."

त्यांनी मान हलवली. जीभ जड होती, शब्द जुळवायला वेळ लागला, पण ते बोलल्याशिवाय राहणार नव्हते.

"होता," ते म्हणाले. "मलेही येत होता."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. इतक्या महिन्यांत मला पहिल्यांदा कुणी खरं विचारत होतं, आणि मी पुन्हा तोंडदेखलं बोलून मोकळी होणार होते.

"होता काका," मी म्हणाले. "आता नाही. रंग दिल्यावर गेला."

त्यांनी डोळे मिटून मान हलवली. त्यांना तेवढंच हवं असावं, की आपण सोडलेल्या घरात आपलं काही मागे राहिलेलं नाही. मला वाटलं झोप लागली. मी उठायला लागले तेव्हा त्यांनी डोळे न उघडताच म्हटलं, "हिवाळ्यात ती खिडकी लावत जाय माय. लय गार हवा येते तिकून."